दोन चाकांवरील सीमोल्लंघन

विजयादशमी हा आपल्याकडे बाहेर पडण्याचा दिवस मानला गेला आहे. पाऊस ओसरावा, नद्यांचे पाणी उतरावे, वाटा वाळाव्यात आणि मराठ्यांच्या फौजांनी मोहिमेवर निघावे, ही इतिहासातील परंपरा; आणि गावकऱ्यांनी अपराह्णकाळी ईशान्य दिशेस शिवेबाहेर जाऊन शमीचे, शमी नसेल तेथे अश्मन्तकाचे म्हणजे आपट्याचे पूजन करावे, ही धर्मशास्त्राची आज्ञा. ‘सीमोल्लंघन’ या भारदस्त शब्दातील उल्लंघनच आपल्या कानांत अधिक घुमते आणि त्या विधीचा उत्तरार्ध विस्मरणात जातो. ‘निर्णयसिंधु’, ‘धर्मसिंधु’ हे निबंधग्रंथ उघडून पाहावेत. पूजन झाल्यावर शमीच्या मुळाशी असलेली ओली माती अक्षतांसह घ्यावी आणि गीतवाद्यांच्या घोषात ती आपल्या घरी आणावी, असे तेथे सांगितले आहे. शीव ओलांडली की विधी अर्धा होतो. उरलेला अर्धा घरी परतल्यावर पुरा होतो.

या उत्तरार्धाचे मोल आम्हांस सायकलस्वारांच्या एका मंडळाने प्रत्यक्ष दाखविले. ते आजच्या सणाच्या निमित्ताने वाचकांपुढे ठेवावे, असे वाटते.

आमच्या वाईतील या मंडळात शिक्षक आहेत, औषधविक्रेते आहेत, महाविद्यालयात शिकणाऱ्या मुली आहेत आणि एस. टी.तून निवृत्त झालेले एक चालकही आहेत. दर रविवारी ही मंडळी पहाटे सायकली काढतात. गावोगावच्या कीर्तनांस आम्ही आयुष्यभर सायकलीनेच जात आलो, हे त्यांस ठाऊक असल्याने २०२४ च्या नवरात्रातील रविवारी त्यांनी आम्हांसही बोलाविले. बेत असा होता : पसरणीचा घाट चढून पाचगणी, तेथून महाबळेश्वर, पुढे आंबेनळी घाटाने उतरून प्रतापगडाच्या पायथ्याचे वाडा कुंभरोशी, आणि त्याच वाटेने माघारी वाई. जाऊन येऊन अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास. आमचे वय सासष्ट. घरच्या मंडळींनी नाराजी दर्शविली, मंडळाने गिअर असलेली एक सायकल दिली, आणि पहाटे साडेपाच वाजता सतरा जण कृष्णेच्या घाटावरून निघालो.

कृष्णेच्या घाटावरून निघून पसरणीच्या घाटाकडे, हे लिहिताना या शब्दाचे कौतुक वाटते. संस्कृतातील ‘घट्ट’ म्हणजे पाण्याशी उतरण्याची जागा. मराठीने त्याच शब्दात नदीच्या पायऱ्याही बसविल्या आणि डोंगरातील वाटही. एका घाटाने मनुष्य पाण्यापाशी उतरतो, दुसऱ्याने आभाळाकडे चढतो. परंतु दोन्ही ठिकाणी पाऊल जपून टाकावे लागते, आणि दोन्ही ठिकाणी घसरण्याचे भय चढताना कमी, उतरताना अधिक.

पसरणी हे शाहीर साबळे यांचे गाव. १९२३ साली येथे जन्मलेल्या या शाहिराच्या आवाजातील महाराष्ट्रगीतास २०२३ मध्ये राज्यगीताचा मान मिळाला. गाव मागे पडले की चढ सुरू होतो. वाई समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर, पाचगणी सुमारे १३०० मीटर; म्हणजे बारा किलोमीटरच्या वाटेत सहाशे मीटर उंची गाठावयाची. मंडळातील विज्ञानशिक्षकांनी चालत्या सायकलीवरच गणित मांडून दाखविले. मनुष्य आणि सायकल मिळून वजन ऐंशी किलो धरले, तर तेवढे ओझे सहाशे मीटर वर नेण्यास ११० उष्मांकांच्या थोडे वर निव्वळ कार्य घडते. परंतु आपले शरीर खाल्लेल्या अन्नाच्या जेमतेम चौथ्या हिश्शाचे कार्य करते, उरलेल्या तीन हिश्शांची उष्णता होते. म्हणून पाचगणी गाठेपर्यंत सुमारे ४५० उष्मांक खर्ची पडतात आणि ऐन पहाटेच्या गारव्यातही अंग घामाने निथळते.

गिअर हे श्रम कमी करीत नाहीत. ते श्रमांची वाटणी करतात. मागचे दातेरी चक्र मोठे घ्यावे, म्हणजे पायटा हलका होतो, परंतु तेवढ्याच अंतरासाठी अधिक वेळा मारावा लागतो. एका मोठ्या घासाचे चार लहान घास करावेत, तसे हे आहे. युरोपातही ही सोय लोकांच्या सहज पचनी पडली नाही. फ्रान्सच्या प्रसिद्ध सायकल शर्यतीत, तूर द फ्रान्समध्ये, १९१० साली प्रथमच पिरेनीज पर्वतातील तूरमालेसारख्या उंच खिंडी घेण्यात आल्या. परंतु धावत्या सायकलीवर गिअर बदलण्याच्या यंत्रास त्या शर्यतीत १९३७ पर्यंत मज्जाव होता. पूर्वीचे स्वार चढाच्या पायथ्याशी उतरत, मागचे चाक काढून उलटे बसवीत आणि दुसऱ्या बाजूच्या मोठ्या चक्रावर साखळी चढवून पुढे जात. पॉल द व्हिव्ही या फ्रेंच गृहस्थाने मात्र त्याआधी कितीतरी वर्षे गिअरांचा पुरस्कार चालविला होता. सासष्टाव्या वर्षी पसरणीचा घाट चढताना आम्ही त्या गृहस्थास मनोमन धन्यवाद दिले.

चढावर बोलणे आपोआप थांबते. उरतो तो श्वास. प्रश्नोपनिषदात रथाच्या नाभीत बसविलेल्या आऱ्यांचा दृष्टान्त आहे. सर्व काही तसे प्राणाच्या ठायी स्थिर झालेले आहे, असा त्याचा आशय. हा दृष्टान्त आम्ही शेकडो वेळा श्रोत्यांपुढे मांडला असेल. पसरणीच्या चढावर पायांखाली खऱ्याखुऱ्या आऱ्या फिरत होत्या आणि श्वासाची लय चुकली की चाक डगमगत होते. भाष्य करण्याचे प्रयोजन उरले नव्हते.

घाटात बुवासाहेबांचे देवस्थान लागते. तेथे सर्वांनी घटकाभर थांबण्याची मंडळाची रीत आहे. खाली धोम धरणाचे पाणी उजळू लागले होते आणि उतारांवर सोनकीची पिवळी फुले दवाने जड झाली होती. घाटवाटेवर देवाचे ठाणे नाही, असे आपल्याकडे क्वचितच आढळते. बोरघाटात इंग्रजांस वाट दाखविणारा धनगर म्हणून ज्याची कथा सांगतात, तो शिंगरोबा आजही पूजिला जातो. ही रीत आपल्यापुरतीच नाही. इटलीत कोमो सरोवराच्या वरच्या डोंगरात घिसाल्लो नावाची खिंड आहे. तेथील मेरीमातेस १९४९ मध्ये पोप बारावे पायस यांनी सायकलस्वारांची संरक्षक म्हणून मान्यता दिली, आणि त्या लहानशा देवळाच्या भिंतींवर नामांकित स्वारांच्या सायकली टांगलेल्या आहेत. जेथे वाट अवघड, तेथे मनुष्य थांबतो आणि हात जोडतो; मग देश कोणताही असो.

या मुक्कामी मंडळाचे नियम आमच्या ध्यानी आले. ते लिहून ठेवलेले नाहीत, पण पाळले जातात. जेथे फाटा फुटतो, तेथून शेवटचा स्वार येईपर्यंत कोणी पुढे जावयाचे नाही. हवेचा पंप आणि पंक्चरचे सामान नेहमी पिछाडीच्या स्वारापाशी, कारण मागे पडलेल्याचीच गाडी अडते. आणि पिछाडीस राहणारा हा मंडळातील सर्वांत दमदार गडी असतो. त्या दिवशी ते काम एका तरुणाकडे होते. शर्यतीत उतरणारा हा मुलगा, मनात आणता तर तासभर आधी महाबळेश्वरी पोहोचला असता. तो आमच्या आणि आप्पांच्या मागे गोगलगाईच्या चालीने येत होता.

आप्पा म्हणजेच ते निवृत्त चालक. एकतीस वर्षे त्यांनी याच घाटांतून एस. टी. चालविली. सायकल मात्र त्यांनी निवृत्तीनंतर हाती धरली. चढाला ते सर्वांत मागे असत, आणि आम्ही त्यांच्या सोबतीस. प्रत्येक वळणाची त्यांस ओळख होती : येथे उन्हाळ्यात गाडी तापते, येथे पावसात दगड येतात, येथे समोरच्याचा दिवा दिसण्याआधी कर्णा ऐकू येतो. एका वळणावर समोरून भरधाव उतरणारी मोटार पाहून ते म्हणाले, “बुवा, घाटात पहिला मान चढणाऱ्याचा. उतरणाऱ्यानं थांबायचं आणि वाट द्यायची. नियमच आहे तसा. पण वाचतो कोण?”

पाचगणीस चहा झाला आणि पुढचा रस्ता पठाराच्या कडेकडेने सुखाचा लागला. स्ट्रॉबेरीच्या रोपांची लावणी चालली होती. वेण्णा तलाव मागे टाकून नऊच्या सुमारास महाबळेश्वरी पोहोचलो. यात्रेकरू क्षेत्र महाबळेश्वरी पंचगंगेचे दर्शन घेतात. सायकलस्वारास या पाच नद्यांचा अर्थ पायांनी कळतो. येथून निघालेली कृष्णा आमच्या वाईवरून पूर्वेस वळते आणि सुमारे १४०० किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागरास मिळते. येथूनच निघालेली सावित्री पश्चिमेची कडा उतरून पोलादपूर, महाडवरून अरबी समुद्रास जाते. एकाच डोंगरावर पडलेल्या पावसाचे दोन थेंब दोन समुद्रांस जातात. ही खरी शीव. माणसांनी आखलेल्या सीमा बदलतात. ही पाण्याने आखलेली आहे.

ती ओलांडून आम्ही आंबेनळी घाटात उतरलो. जांभूळ, हिरडा, अंजनीची दाट राई आणि मधूनच एकदम उघडणारी दरी. इंग्रजी अमदानीत या रस्त्यास फिट्झेराल्ड घाट म्हणत. त्याहून कितीतरी जुनी पारघाटाची वाट याच मुलखातून जाते. १६५९ सालच्या नोव्हेंबरात अफझलखान जावळीच्या ज्या अरण्यात आला, ते हेच. या रस्त्यास निसर्गानेही सोडलेले नाही. २०२१ च्या जुलैमध्ये महाबळेश्वरी चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा आंबेनळीचा रस्ता ठिकठिकाणी तुटून वाहून गेला होता. नव्याने बांधलेल्या संरक्षक भिंती त्याची साक्ष देतात.

वाडा कुंभरोशी येथे पिठले-भाकरी झाली. समोर प्रतापगड ढगांतून डोकावत होता. गडावरील भवानीचे नवरात्र चालू होते. खालूनच हात जोडले. आप्पा मात्र गडाकडे पाठ करून पोलादपूरच्या दिशेस पाहत उभे होते. २०१८ च्या जुलैमध्ये याच घाटात त्या बाजूस सहलीस निघालेली एक बस दरीत कोसळली आणि एक जण सोडता आतील सर्व प्रवासी गेले. त्या वेळी आप्पा नोकरीत होते. “पुढच्या आठवड्यात माझी या वाटेनं फेरी होती,” ते म्हणाले. “गाडी भरलेली होती. सबंध घाटात कुणी एक शब्द बोललं नाही. तेव्हापासून उताराला मी घाई केली नाही.” एवढे बोलून त्यांनी दरीकडे पाहून नमस्कार केला आणि सायकल फिरविली.

परतीचा चढ दुपारच्या दमट हवेतला. सकाळचे पाय आता पाय राहिले नव्हते. आम्ही चार ठिकाणी उतरून सायकल हाती धरून चाललो. अर्धा घाट झाला असेल नसेल, तोच आप्पांच्या पोटरीत गोळा आला आणि ते रस्त्याच्या कडेस बसले. मीठ-साखरेचे पाणी झाले, पाय चोळून झाला; गोळा सुटेना. दोन वाजून गेले होते. नियम पाळावा तर सर्वांनी थांबावयाचे, आणि थांबावे तर पसरणीचा घाट काळोखात उतरावयाचा. कोणीच काही बोलेना. एवढ्यात महाबळेश्वराकडे जाणारा एक भाजीचा टेंपो थांबला. मंडळी संकोचली, कारण इतके चढून आल्यावर वाहनात बसावयास कोणासही कमीपणा वाटतो. तो पेच आप्पांनीच सोडविला. सायकल वर चढविण्यास सांगून ते हसत म्हणाले, “मी चालकाच्या शेजारी बसून वर जातो. जन्मभर तेच केलंय. तुम्ही सावकाश या.”

चारच्या सुमारास आम्ही महाबळेश्वरी पोहोचलो, तेव्हा आप्पा पाय मोकळे करून, सतरा चहांची सोय करून उभे होते. दिवसभर सर्वांत मागे राहिलेला मनुष्य सर्वांच्या आधी पोहोचला होता. आणि त्याचे खरे काम तर अजून व्हावयाचे होते.

पाचगणी येईपर्यंत धुके उतरले. दहा पावलांपलीकडचा दिवा मिणमिणता दिसत होता. तरुणांचे मत पडले की, उजेड आहे तोवर भरभर उतरून जावे. बारा किलोमीटरचा तर उतार, वीस मिनिटांचे काम. त्यांच्या म्हणण्यात तथ्य नव्हते असे नाही. परंतु आप्पांनी सायकल रस्त्याच्या मध्ये आडवी लावली. सर्वांचे दिवे तपासले. ज्या दोघांचे दिवे मंद होते, त्यांस रांगेच्या मध्ये घेतले. मग म्हणाले, “पुढं मी. मला कुणी ओलांडायचं नाही.”

त्यांनी सांगितलेले चार शब्द येथे देणे अगत्याचे वाटते. कोणत्याही घाटात ते उपयोगी पडतील. मोटार ज्या गिअरात चढवावी, त्याच गिअरात उतरवावी, म्हणजे इंजिन तिला धरून ठेवते. सायकलीस तो आधार नाही. तिचा सारा भार ब्रेकांवर. ब्रेक सतत दाबून धरला तर चाकाची कड तापते, आतील हवा तापून ट्यूब फुटू शकते. म्हणून दाबावा, सोडावा, पुन्हा दाबावा. वेग वळणाआधी कमी करावा, वळणात नव्हे. अंग मागे घ्यावे, बाहेरच्या अंगाचा पायटा खाली ठेवावा, ओल्या पाल्यावर आणि खडीवर ब्रेक मारू नये. दोन सायकलींत पाच-सहा हात नव्हे, चांगले वीस हात अंतर ठेवावे. हे सांगून शेवटी ते म्हणाले, “चढाला माणूस देवाचं नाव घेतो आणि उताराला विसरतो. घात तिथंच होतो.”

सतरा दिव्यांची ती माळ धुक्यातून एकामागे एक उतरत गेली. वीस मिनिटांस पन्नास मिनिटे लागली. निम्म्या घाटात समोरून दोन मालमोटारी कण्हत कण्हत चढत आल्या. आप्पांनी हात वर केला, सारी रांग डाव्या कडेस थांबली आणि चढणाऱ्यांस वाट मिळाली. त्याच क्षणी मागून एक मोटार कर्णा वाजवीत आम्हांस आणि त्या मालमोटारींस एकाच वळणावर ओलांडू पाहत होती. थांबलेल्या दिव्यांची रांग पाहून तीही थबकली. सतरा सायकली भरधाव उतरत असत्या, तर त्या वळणावर काय झाले असते, याचा विचार सर्वांच्याच मनात आला असावा. पिछाडीच्या त्या तरुणाने पसरणीत पोहोचल्यावर आप्पांच्या पायांस हात लावला. बोलला काहीच नाही.

कृष्णेच्या घाटावर सतरा मोजले. एक शिक्षिका ते मोठ्याने मोजीत होती आणि शेवटचा आकडा उच्चारताच सर्वांच्या तोंडून जो निःश्वास बाहेर पडला, तो पाचगणीच्या किंवा महाबळेश्वरच्या माथ्यावर पडला नव्हता.

वाचकहो, आपण माथ्याचे कौतुक फार करतो. किती उंच गेलो, किती वेळात गेलो, कोणास मागे टाकले, याची गणती ठेवतो. परतताना किती जण बरोबर होतो, हे मोजण्याची सवय मात्र सुटत चालली आहे. निबंधकारांनी सीमोल्लंघनाच्या विधीत घरी आणावयाची ओली माती सांगितली, तिचे मर्म हेच असावे : शिवेपलीकडचे काही मिळविलेच, तर ते सर्वांसह सुखरूप घरी यावे. सणासुदीस हजारो वाहने आपल्या घाटांतून धावतात. ती चालविणाऱ्या सर्वांस आमची आप्पांच्याच शब्दांत विनंती आहे : चढणाऱ्याला आधी वाट द्यावी, आणि उताराला देवाचे नाव विसरू नये.

सोने द्यावे, सोने घ्यावे, आणि सर्वांनी दिवेलागणीस घरी असावे.